कपॅसिटर कुठल्या टोकाला

आप्पा, वहिनीला शिकवलं आणि मला नाही, ते का? ती तर बाहेरून आलेली, मी तुमच्या पोटची. मिलमधून आल्यावर बमरोलीच्या त्या खोलीत तुम्ही ताट सरकवून एलईडीचे डिमर उघडून बसायचात, समोर वहिनी. तिच्या भाकऱ्या तुम्हाला आवडायच्या नाहीत म्हणून तिची सुटका, आणि माझ्या आवडायच्या म्हणून मी स्टोव्हपाशी. एकदा वाकून बघितलं तर म्हणालात, "तुनं आठे काय काम शे? तवा देख."

आता इच्छापोरच्या कारखान्यात दिव्यांच्या पट्ट्या जोडून माझा हात बसलाय. परवा पर्वत पाटिया भागातल्या साडीच्या दुकानाचं काम मी एकटीने घेतलं. पट्ट्यांना वीज देणारा सप्लाय मागच्या खोलीत, डिमर पार पुढच्या काचेपाशी, मध्ये ही लांब वायर. उजेड कमी केला की पट्ट्या थरथरतात. अशा वेळी कपॅसिटर लागतो, एवढं भाकरी थापता थापता ऐकलेलं. डब्यातला सगळ्यात मोठा घेतला, सप्लायपाशी लावला. थरथर तशीच, वर सप्लाय चालू होताच बंद पडायला लागला. वहिनीचं काम आधी बघितलेला शेठ म्हणतो, "बेन, तमारी भाभीने बोलावो ने."

आली ती. हसली असती तर बरं झालं असतं, हसलीही नाही. पट्ट्या किती करंट खातात, डिमर सेकंदाला किती वेळा चालू-बंद करतो, व्होल्टेज किती खाली गेलेलं चालेल, सगळं धरून हिशोब केला. माझ्यापेक्षा बराच लहान कपॅसिटर काढला, चोवीस व्होल्टच्या लाईनला पन्नास व्होल्टचा, आणि लावला डिमरच्या अगदी तोंडाशी. म्हणते, "ताई, पाणी लांबून येतं तर हंडा चुलीपाशी भरून ठेवतो ना? नळापाशी ठेवून काय उपयोग?" दिवे एकदम शांत. आप्पा, हे बोलणं तुमचं. तिच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या अंगाची आग झाली.

त्यात माझी पोरगी म्हणते, "मम्मी, सोमवारपासून मामीकडे शिकायला जाते." मी अजून हो म्हटलेलं नाही. पोरगी रुसून बसलीय. तिला वाटतं मी तिला अडवतेय.

तसं नाहीये. मलाही तिच्याबरोबर जाऊन वहिनीसमोर बसायचंय, आणि ते तोंडातून निघत नाही. हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार, तेही माहीत नाही. तुम्ही एकदा म्हणा, तुलाही शिकवायला हवं होतं. तेवढ्यावर मी जाईन. स्वप्नात या, नाहीतर कसेही या, पण रविवार संध्याकाळच्या आत सांगा.