सतरा नंबरचा स्वेटर

प्रिय स्तेफा,

माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घे. नववी कशीबशी झाली, त्यानंतर कपड्यांवर नंबर घालण्यापलीकडे काही लिहिलं नाही. तू गोमेलला निघालीस तेव्हा मी स्टेशनवरसुद्धा आले नाही. चार वर्षं झाली त्याला. का आले नाही ते आज सांगते.

आपला 'वोलात' आइस हॉकी क्लब बंद झाल्यापासून रिंगणात बटाट्याची पोती ठेवतात. तुझ्या सासऱ्यांनी आणि कारखान्यातल्या ओतकाम करणाऱ्यांनी मैदानात पाणी सोडून, त्याचा बर्फ करून हा क्लब उभा केला होता. चाळीस वर्षांत कप दोनच आले, पण लोक कपासाठी येतच नव्हते, मारामारी बघायला यायचे. म्हाताऱ्या बायका ओरडायच्या, अरे, दात मोज त्याचे! मीपण ओरडलेय. विकेंतने मारामारीसाठी हातमोजे फेकले की सगळ्यात आधी टाळ्या माझ्या. त्या टाळ्यांच्या नादातच मी त्याच्याशी लग्न केलं.

धुलाईचं काम माझ्याकडे होतं, तुला माहीतच आहे. रक्ताला थंड पाणी आणि मीठ लागतं, गरम पाण्यात डाग पक्का बसतो. नाक फुटलं की रक्त छातीवर ओघळतं, कान फाटला की खांद्यावर. स्वेटर बघून मी सांगायचे कोणाला कुठे लागलंय. सामना संपला की आधी सगळ्यांचे स्वेटर बोळातल्या माझ्या टोपलीत पडायचे, त्याशिवाय कोच कोणाला बसू देत नसे.

त्या शनिवारी समोरच्या संघातल्या सतरा वर्षांच्या पोराने आपल्यावर तीन गोल केले. कोचने तुझ्या अलेसला पाठवलं, त्याचा हात मोडून ये म्हणून. अलेस गेला, त्या पोराभोवती एक फेरी मारली आणि परत आला. कोच सगळ्यांदेखत म्हणाला, स्केट काढ, फ्रॉक घाल. नंतर गावाला सांगितलं की अलेस पिऊन खेळत होता, कठड्यावर डोकं आपटलं आणि गेला. कागदावरही तसंच लिहिलं. वसंतात कारखान्याने क्लब बंद केला, तर लोक तुझ्या दारावर थुंकले. तुझ्या नवऱ्यामुळे क्लब गेला म्हणे.

स्तेफा, मी टोपली उचलली तेव्हा अलेसचा सतरा नंबर सगळ्यात वर होता. घामाने ओला. मी उलटासुलटा करून पाहिला. रक्ताचा एक ठिपका नव्हता.

मग आतून दाराला कडी लागली. त्यांचा एक नियम होता. मारामारीतून जो मागे हटेल त्याला मधे बसवायचं, ओल्या टॉवेलात पक, ती खेळायची जड रबरी चकती, बांधायचा, आणि प्रत्येकाने एकदा मारायचं. वीस जण होते. पोटात उल्याना, हातात टोपली, मी बोळात उभी. अकरापर्यंत आवाज मोजले. मग धुलाईघरात जाऊन मशीन चालू केलं, पुढचं ऐकू येऊ नये म्हणून. थोड्या वेळाने वीस टॉवेल आले. ते मी थंड पाण्यात धुतले. एकावर विकेंतचं नाव होतं, माझ्याच हाताने शिवलेलं.

आता क्लब पुन्हा सुरू करतायत. कोच तोच, विकेंत त्याच्या हाताखाली. दारात अलेसच्या नावाचा दगड बसवणार, 'बर्फावर झुंजताना गेला' असा. रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते, मी बटाट्याची धिरडी वाढत होते. कोच हसत म्हणाला, स्तेफाला फीत कापायला बोलवू, रडली की फोटो छान येतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "त्याच्या स्वेटरवर रक्त नव्हतं."

सगळे उठून गेले. विकेंतने हातातलं घड्याळ काढून खिडकीत ठेवलं आणि दार लावलं. माझ्या दोन बरगड्या गेल्या, एका डोळ्याने अजून नीट दिसत नाही. उल्याना टेबलाखाली होती, ती येऊन त्याच्या पायाला चावली. त्याने तिला लाथ घातली, ती शेगडीवर जाऊन आदळली. मग जमिनीवर बसून तोच रडायला लागला. म्हणाला, "मी हळू मारलं होतं गं. मी शेवटचा होतो. तोवर तो हलत नव्हता."

सकाळी कोच आला. उल्यानाच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, "गोड पोर आहे. जप हिला."

मी उद्या मिन्स्कला जाऊन पोलिसांत सगळं लिहून देणार आहे, वीसही नावं. परत येईन की नाही माहीत नाही. रिंगणातला बर्फ गुळगुळीत करायची गाडी चालवायचे ते गर्देय काका तुझ्या दारात हे पत्र घेऊन उभे असतील. त्यांचा हात धरून उभी आहे ती माझी उल्याना. तिच्या डाव्या खांद्याचं हाड मोडलंय, तिकडून उचलू नकोस. दूध घातलेली कुट्टूची लापशी खाते. पुरुष मोठ्याने हसले की लपते, तेव्हा ओढून काढू नकोस, आपली आपण बाहेर येते. तिच्या बापाने तुझ्या माणसावर हात टाकलाय आणि मी मशीन चालू केलंय. तरी तुझ्याकडेच पाठवतेय, कारण हिच्यावर कोणी हात उचलणार नाही असं दुसरं एकही घर मला माहीत नाही.

तुझीच, माफी मागायचं तोंड नसलेली,
यानिना