चौकटीतली बटणं

२ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. आईचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. इकडे मी मजेत आहे. हे पत्र तू आईला मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून तिच्या प्रश्नांची उत्तरं आधीच देते. होय, वेळेवर जेवते. होय, उन्हात टोपी घालते. नाही, पाण्यात एकटी उतरत नाही.

तळ्याचं पाणी खाली गेलंय, तेव्हा आमची दरवर्षीची मोजणी सुरू झाली. आई विचारेल, उघड्या खडकावर मोजण्यासारखं असतं तरी काय? तिला सांग, फारसं नसतंच. लाटा माती टिकू देत नाहीत. फट असेल तिथे चिमूटभर गाळ अडकतो आणि त्या गाळात एखादं रोप तग धरतं. पुढचं रोप चार पावलांवर. हातभर लांबीरुंदीची लाकडी चौकट दरवर्षी त्याच खुणेवर ठेवायची, गुडघे टेकायचे आणि आत जे दिसेल ते लिहायचं. माझं लाडकं रोप करड्या पानांचं आहे, खडकाला चिकटून बसतं आणि सदऱ्याच्या बटणाएवढंच असतं. आम्ही सगळे त्याला बटणच म्हणतो.

यंदा बटणं दिसत नाहीत. चौकटीमागून चौकट रिकामी जातेय. मागच्या वर्षीही कमी वाटली होती, पण इतकी नाही. विभागप्रमुखांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. तळ्याच्या बांधातून पाणी सोडण्याच्या वेळा बदलल्या तेव्हापासून त्यांना संशय होता. आता महिन्याअखेरच्या बैठकीत ते सगळ्यांसमोर सांगणार आहेत की हा किनारा मरतोय. माझ्या आकड्यांच्या जोरावर. मला झोप लागत नाही, ताई. आयुष्यभर ज्या जागेवर गुडघे झिजवले ती डोळ्यांदेखत उजाड होतेय.

त्यात सुताराशी भांडण झालं. नवी चौकट त्याने चक्क वाकडी करून दिली. एक बाजू मधोमध आत झुकलेली. त्याने काटकोन्या लावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाई, याहून सरळ हवी असेल तर दुसरा सुतार गाठा." मी दुसरा गाठला. त्यानेही वाकडीच केली. हल्ली कोणाला कामाची चाडच नाही.

माझ्या अक्षरावरून टोमणा मारलास तो समजला. एवढं मोठं काढते ते तुझ्या चष्म्याची दया येऊन. उपकार मान.

आईला नमस्कार.

तुझी
दुर्बीण

१४ मे

ताई,

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. विचारलंच तर म्हण, कामाचं रटाळ पत्र आहे, लाटा आणि दगड.

सहज विचारते. आईचा कुठला डोळा आधी गेला? आपल्याला कळलं त्याच्या किती आधीपासून तिला दिसेनासं झालं होतं, हे ती कधी बोलली का? मला आठवतात ते फक्त दिवे. स्वयंपाकघरातला दिवा मंद आहे म्हणून तिने तो बदलला, मग पुन्हा बदलला, मग दुकानदाराशी भांडली. आपण दोघी तिला हसायचो. त्यानंतर एकदा मी दारात उभी होते आणि तिला दाराची चौकट दिसत होती, मी दिसत नव्हते. "कोण आहे?" म्हणाली. तेव्हा ती माझ्या आत्ताच्या वयाची होती ना? की थोडी मोठी? नीट आठवून लिही.

इकडची हवा चांगली आहे. वारा पडलाय.

बरं, सांगते. काल सकाळी मी एक चौकट रिकामी म्हणून लिहिली. उठताना तोल गेला म्हणून चौकटीच्या मधोमध हात टेकला, तर तळव्याखाली काहीतरी टोचलं. बोटं फिरवली. पानं होती, ताई. जाड, कडेला थोडी खरखरीत, गोल बसलेली. मी पुन्हा पाहिलं, तर खडक. नुसता करडा खडक. बोटं पानांवर आणि डोळ्यांना खडक. मग मान जराशी वळवून पलीकडच्या दगडाकडे पाहिलं आणि ते बटण नजरेच्या कडेला आलं. सरळ बघितलं की गायब.

मी मागे गेले. आधी रिकामी लिहिलेली चौकट पुन्हा खुणेवर ठेवली आणि डोळे मिटून हाताने चाचपली. होतं. त्याच्या मागच्या चौकटीतही होतं. पुढे जायची हिंमत झाली नाही. चौकट मांडीवर घेऊन तशीच बसून राहिले. मग एक डोळा झाकून तिची कड पाहिली, मग दुसरा झाकून पाहिली. डाव्याला ती कड वाकडी दिसते, उजव्याला बरीच सरळ.

कोणाला सांगितलेलं नाही. विभागप्रमुख आज आनंदात होते, भाषणाची तयारी चालली आहे. मी मान डोलावून आले. सांगेन. पण सांगितलं की विचारतील, मागच्या वर्षीचे आकडे खरे का? त्याच्या आधीच्या वर्षीचे? मला उत्तर माहीत नाही. आणि या नजरेखेरीज माझ्याकडे दुसरं काय आहे? शेंबडी असताना गच्चीवरून लांबच्या बसची पाटी वाचून दाखवायचे म्हणून तू मला दुर्बीण म्हणायला लागलीस. तिच्यावरच तर पोट भरलं आजवर.

मला फार भीती वाटतेय. उत्तर लवकर पाठव. आईच्या डोळ्याचं विसरू नकोस.

तुझी,
नाव तुला माहीत आहे

२७ मे

प्रिय ताई, आणि प्रिय आई,

ताई, हे पत्र पूर्ण वाचून दाखव, आवाज खाली न आणता. वाटलंच तर मधे पाणी पी.

आई, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. तुझंच दुखणं आहे. डावा डोळा मधोमध गेलाय, उजव्यात सुरुवात आहे. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेलं टिकवायला आता उपचार आहेत, लवकर धरलं तर. तुझ्या वेळी ते नव्हते, आणि तू तरी कुठे सांगितलंस! तू दिव्यांना दोष देत बसलीस, मी सुतारांना. दोघांचीही माफी मागून आले. पहिला म्हणाला, "सरळच होती की नाही?" आणि चहा पाजला.

विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी भाषणाचे कागद मिटून बाजूला ठेवले. त्यांना राग आला होता, तो त्यांनी लपवलाही नाही. मग म्हणाले, "बैठक पुढे ढकलतो. पुन्हा मोजा. पण तुम्ही नाही." तो शेवटचा शब्द मला अजून बोचतोय, पण त्यांचं बरोबर आहे.

मोजणी आमच्या शेवाळवाल्या बाईंनी केली. त्या एरवी शेवाळाशिवाय कशाकडे बघत नाहीत. मी शेजारी बसून खुणा दाखवत होते. पहिल्या चौकटीवर वाकून त्या म्हणाल्या, "अगं, हे काय आहे इथे ढळढळीत!" दुसऱ्या चौकटीतही तेच. सगळी बटणं जिथल्या तिथे आहेत, आई. काही फटींत तर नवीन पिल्लं आहेत. किनारा ठणठणीत आहे. मी खडकावर बसून रडले, आणि खरं सांगू, त्यातलं अर्धं रडू आनंदाचं होतं.

पुढे काय ते माहीत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या कागदावरची रेघ सरळ दिसते का ते दर सकाळी आधी पाहते, मग तोंड धुते. आई, तू माणसांकडे थोडं बाजूला बघून बोलतेस, ते कशी शिकलीस? मला आपण चुकीचं काही करतोय असं वाटतं, समोरच्याचं लक्ष जातं. मी पुढच्या आठवड्यात येतेय. मला ते शिकव.

ताई, आता तुझ्यासाठी. तुझ्या पत्रात एक ओळ होती, सहज लिहिल्यासारखी. शिवताना सुईत दोरा जात नाही, दोरे हल्ली निकृष्ट येतात, असं लिहिलंयस. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. आपल्या घरात वस्तू एवढ्या खराब निघत नाहीत गं.

आत्ता ऊठ. पत्र आईच्या हातात दे. खिडकीसमोर उभी राहा, एक डोळा झाक आणि गजांकडे बघ. मग दुसरा झाक. काय दिसलं ते आधी आईला सांग, मोठ्याने, आणि मग मला लिही. सरळ दिसले तरी लिही, वाकडे दिसले तरी लिही. पण दोऱ्याचं नाव घेऊ नकोस.

वाट बघतेय, उरल्यासुरल्या नजरेने,

तुमची
दुर्बीण