दुखू लागल्याची वेळ

ता. ९, दुपारी दोन

चि. धाकट्यास, अ. आ.

तुझ्या भागीदाराचा हात वाचला, असं सर्जनबाईंनी आत्ताच सांगितलं. भूल मीच दिली, बगलेत सुई देऊन. बधिर करणाऱ्या औषधात काय मिसळलं तर हात जास्त वेळ बधिर राहतो, याची आमच्याकडे तुलना चालू आहे. त्याला दोनपैकी कोणतं मिसळून दिलं ते बंद पाकिटात आहे, मलाही ठाऊक नाही. दर दोन तासांनी विचारायचं आणि दुखू लागल्याची वेळ लिहायची.

मघाशी म्हणाला, हा कुणाचा हात आहे, घेऊन जा. वखारीतली करवत निसटली म्हणतो. डोकं झाकायला उचललेल्या हातावर करवत दोनदा निसटते का रे? वर हेही म्हणाला, दुखत नाही तोवर करवतच, दुखायला लागलं की खरं आठवेल. हवालदार बाहेर बाकावर बसलाय.

तू सकाळीच मामांकडे का पळालास? दाजींच्या हाती उत्तर दे.

तुझी काळजी वाहणारी,
ताई

ता. ९, संध्याकाळी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

दाजी पत्र देऊन पाठ फिरवून बसलेत, चहालाही शिवले नाहीत. तुझ्याशी खोटं बोलून मला कधी पचलंय? मीच मारलं. त्याने बाबांचा फोटो भुशात फेकला. कुऱ्हाड हाताशी होती. पहिला घाव कधी बसला कळलं नाही. तो बास म्हणाला. दुसरा मी कळून घातला. ओली फांदी मोडावी तसा हाडाचा आवाज आला, रक्त माझ्या दातांपर्यंत उडालं.

त्याला आणखी एक सुई दे. परवापर्यंत बधिर ठेव, मी लांब निघून जातो. माझ्या सगळ्या भानगडी तूच झाकल्यास, ही शेवटची.

लोभ आटू देऊ नकोस.
धाकटा

ता. १०, सकाळी सात

चि. धाकट्यास, अ. आ.

सहा वाजून दहा मिनिटांनी त्याची करंगळी हलली, सिस्टरनी पाहिली; भूल उतरू लागली. दुसरी सुई मी दिली नाही. तुझं पत्र वाचल्यावर वरिष्ठांना तुझं-माझं नातं सांगून बाजूला झाले. आता वेळ दुसरे डॉक्टर लिहितील. दुखण्यावर ते औषध देतील, तोंड बंद ठेवायचं औषध आमच्याकडे नाही, आणि असतं तरी तुझ्यासाठी काढलं नसतं.

मी त्याच्या खाटेपासून निघताना तो म्हणाला, पहिला घाव मी विसरेन, दुसऱ्याचं त्याने येऊन सांगावं.

नऊला फौजदार जबानी घ्यायला येतील. तुझं पत्र माझ्या पर्समध्ये आहे, ते त्यांच्या हातात जाईल. त्याआधी आलास तर तूच वाचून दाखव. तू हे वाचतोस तोवर दाजी गाडी बंद करणार नाहीत. चाळीस मिनिटांचा रस्ता आहे.

शाळेतून मार खाऊन यायचास, तसा ये. मी दारात उभी असेन.

तुझीच,
ताई