बाटलीतला साका

२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी आता जिना चढते हे वाचून बरं वाटलं. इकडे मात्र माझा जीव थाऱ्यावर नाही. ह्यांनी कुंपणावरच्या वेलाची काळी द्राक्षं आंबवून वाइन केली. अठरा बाटल्या भरल्या, बुचं ठोकली, आणि आठवड्याभरात प्रत्येक बाटलीच्या तळाशी बोटभर साका! तू तीस वर्षं व्हिनेगरच्या कारखान्यात बाटल्या भरून घेतल्यास, म्हणून तुलाच विचारते. हा साका बसू नये म्हणून करायचं काय?

घाई अशासाठी की चौदा मार्चला लेक येतेय. ह्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसायला ती नाही म्हणाली, हे नको ते बोलले, ती निघून गेली, त्याला दोन वर्षं झाली. आता आपणहून येते म्हणालीय. तिच्यासमोर ठेवायचा पेला आरपार दिसला पाहिजे, असं ह्यांनी घेतलंय मनावर.

एक गोष्ट तुझ्यापासूनही लपवली. ह्यांचा उजवा हात कापतो. घड्याळाचा स्क्रू धरवेना, म्हणून सहा महिन्यांपूर्वी दुकान बंद केलं. लेकीला कळवायचं नाही अशी सक्त ताकीद आहे. दिवसभर घरात येरझाऱ्या, आणि तासातासाला बाटली उचलून खिडकीशी धरणं.

लोभ आहेच, उत्तरही तितक्याच लोभाने लगेच धाड.
तुझी चिमणी

७ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

आमच्या घड्याळजींना सांग, बाटली म्हणजे घड्याळ नव्हे, सारखी बघून ती पुढे सरकत नाही. आंबणं पुरतं थांबायच्या आधीच त्यांनी बुचं मारली. साका म्हणजे मेलेलं यीस्ट आणि द्राक्षाचा गर. तो मोठ्या भांड्यात बसू द्यायचा आणि वरचं निवळ तेवढंच बाटलीत घ्यायचं. आता सगळ्या बाटल्या काचेच्या मोठ्या बरणीत रबरी नळीने हळू उतरवा. नळीचं टोक साक्याच्या वर दोन बोटं ठेवा, तळाचं राहिलं तर राहू दे. बरणी गळ्यापर्यंत भरा, आत हवा नको. मग गार कोपऱ्यात चार आठवडे हात लावायचा नाही. हात म्हणजे हात! उचलून बघितली की बसलेलं सगळं पुन्हा वर.

लेकीला मात्र खरं कळव. चौदा तारखेला दाराशी उभी राहून कळण्यापेक्षा ते बरं.

वहिनीचे आशीर्वाद. जीवाला जप.
दादा

२० फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं, पण नळी ह्यांनीच धरायची म्हटली. हात असा थरथरला की तिसऱ्या बाटलीचा सगळा साका बरणीत गेला. ह्यांनी नळी मोरीत भिरकावली आणि तिथेच पाटावर बसून राहिले. उरलेल्या पंधरा मी उतरवल्या. बरणी जिन्याखालच्या कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधलीय. तर हे कपाटाभोवती घिरट्या घालतात, फटीतून बघतात. मलाही चैन नाही. ह्यांच्या पाठोपाठ मीही फटीला डोळा लावते, कुणाला सांगू नकोस.

आणि दादा, रागावू नकोस. लेकीने दुकान कसं चाललंय म्हणून विचारलं होतं. हे शेजारी बसून होते. मी लिहिलं, छान चाललंय. पत्र टाकूनही आले.

या वेड्या बहिणीवर माया राहू दे.
चिमणी

३ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो होतो, आता नाही. दहा तारखेला बरणी न हलवता वरूनच बाटल्या भर. शेवटची दीड-दोन बाटल्यांइतकी सोडून दे, लोभ धरू नकोस. तरी चिमूटभर साका बसेलच, घरच्या वाइनला तेवढं चालतं. ओतताना बाटली हळू कलती करायची आणि एका दमात ओतायची. मध्ये सरळ केलीस की गढूळ झालंच. ओतणं त्यांच्या हाती देऊ नकोस.

लिहिलेलं खोटं तुझं तूच निस्तर. तिला आधी तू सांग.

सुखरूप राहा, कळवत राहा.
दादा

१७ मार्च

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

अक्षर लागेल तेवढं वाचा. तुमच्या बहिणीला सांगायला धीर झाला नाही, मला तर नव्हताच. लेक आली, जेवायला बसलो. हिने बाटलीकडे हात नेला, त्याआधी मीच उचलली. बाटलीचं तोंड पेल्यावर टणटण वाजायला लागलं. अर्धी वाइन टेबलावर, तळाचा साका पेल्यात. पोरीने पेल्याकडे पाहिलंच नाही, माझ्या हाताकडे पाहिलं. कधीपासून, म्हणून विचारलं. मी सांगितलं. दुकानाचंही सांगितलं. ती आईवर चिडली, मग माझ्यावर, मग रडली. म्हणाली, तुम्ही आजारी असाल असं मनातही आलं नाही, मी दोन वर्षं नुसती भांडत बसले.

पुढची बाटली तिने ओतली. एका दमात, न थांबता. वाइन अशी निवळ की पेल्यापलीकडची तिची बोटं मोजता आली. मी ओतलेला गढूळ पेला मी सरकवून ठेवला होता. तो तिने ओढून घेतला, तळापर्यंत प्याली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, बाबा, भयंकर झालीय.

चार दिवसांची रजा वाढवलीय तिने. उद्या मला डॉक्टरकडे नेते.

हे पत्र लिहायला तीन सकाळी लागल्या. उत्तर या खेपेला माझ्या नावे धाडावं.

आपला,
घड्याळजी