थोरल्याचा कंठा

३० सप्टेंबर २०१२, रविवार

माझ्या भावाचा, परागचा कंठा. यंदाही मीच करायचा. आईने मण्यांचा डबा माझ्या मांडीवर आणून ठेवला आणि म्हणाली, "माह्या हातानं सुई धरल्या जात नाही आता. तूच करून टाक." करून टाक! जणू वाटीभर पोहे भिजवायचे आहेत.

आईकडे, रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात, आज मातीच्या भुलाबाई बसल्या. पाऱ्यातल्या सहा पोरी आल्या होत्या. निम्म्या गाण्यांचा अर्थ त्यांना कळत नाही, पण सूर पक्का. झाकलेली खिरापत ओळखायची वेळ आली की सगळ्या हिंदीवर उतरतात. "आजी, चना है ना?" साटोऱ्या होत्या. कोणालाच ओळखता आलं नाही, आई खूश. मी डबा घेऊन घरी आले, तोंड पाडून.

३ ऑक्टोबर, बुधवार

राग लिहून काढते, नाहीतर गौतमवर निघेल. नवऱ्याचा यात काही दोष नाही.

कोजागिरीला घरातल्या पहिल्या लेकराची आश्विनी करतात. पाटावर बसवायचं, ओवाळायचं, नवं काहीतरी द्यायचं. आमच्याकडे आई दरवर्षी स्वतः विणलेला मण्यांचा कंठा घालते. आणि पहिलं लेकरू मी आहे! मी एकोणसाठची, पराग एकसष्टचा. यात न समजण्यासारखं काय आहे? पण मला आठवतं तेव्हापासून पाटावर तो आणि शेजारी ताम्हण धरून मी. आईचे हात थरथरायला लागल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, कंठाही मीच विणते. माझ्या हक्काची वस्तू माझ्याच हाताने करून त्याच्यासाठी पुण्याला कुरिअर. वा रे न्याय.

७ ऑक्टोबर, रविवार

गोलबाजारातून मणी आणले. रागाच्या भरात दुप्पट घेतले.

नक्षी सुचत नव्हती. दुपारी सुकवारो भांडी घासत होती आणि तिच्या हाताकडे लक्ष गेलं. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं — ठिपक्यांचे त्रिकोण, मधे विंचू, वर पाकळ्यांची ओळ. वीस वर्षं हा हात रोज समोर आहे आणि मी धड पाहिला नव्हता. एक ठिपका म्हणजे एक मणी! तिला खुर्चीवर बसवलं, चौकटीच्या कागदावर एकेक ठिपका उतरवून घेतला. तिला हसू आवरेना. म्हणाली, "तुंहर माला टूट जाही दीदी. मोर गोदना तो मरे के बाद घलो संग म जाही."

खरंच आहे, माळ तुटेल, गोंदण मेल्यावरही सोबत जाईल. तिचं लेणं कोणी काढून दुसऱ्याला देऊ शकत नाही. मला तिचा हेवा वाटला, हे लिहून ठेवते.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

मंत्रालय नव्या रायपूरला हलायचंय, म्हणून दिवसभर फायलींचे गठ्ठे बांधले. बोटं सोलली. तशीच आईकडे गेले, अर्धा झालेला कंठा दाखवायला. पांढऱ्यावर काळी नक्षी, विंचू तर इतका छान उतरलाय!

आईने चष्मा पुसला, उलटा केला, सुलटा केला. "हे काळं काहून घातलं? आश्विनीले काळं नाही चालत."

मी म्हटलं, गोंदण आहे, गोंदण काळंच असतं.

"माह्या पोराच्या गळ्यात काळं नाही. उसव."

माह्या पोराच्या. मी काय भुलाबाईसोबत मातीतून आले?

१३ ऑक्टोबर

उसवला. पाच संध्याकाळी पाण्यात.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार

गडद निळे मणी घेतले आणि पुन्हा सुरू केला. खरं सांगायचं तर काळ्यापेक्षा निळा जास्त खुलतोय. आईला हे सांगणार नाही.

परागला फोन केला. म्हटलं भांडावं एकदाचं. तर तो म्हणाला, "ताई, मला कशाला गं कंठा? मागचे कुठे आहेत ते विचारू नकोस. आईच्या समाधानासाठी हो म्हणतो फक्त." मग माझ्या गुडघ्यांची चौकशी केली. तो वाईट नाही. त्याच्यावर धड रागावताही येत नाही, हा आणखी एक त्रास. मी डोळे फोडून विणते आणि त्याला ती वस्तू कुठे ठेवली हेही माहीत नाही!

२४ ऑक्टोबर, दसरा

स्वरदा बिलासपूरहून आली, एका दिवसासाठी. बँकेत सुट्टी मिळत नाही म्हणे. सोनं वाटून झाल्यावर तिने कंठा पाहिला. पूर्ण झालाय, फक्त फासा बसवायचा राहिलाय. आरशासमोर जाऊन गळ्याशी धरला. "मम्मी, ये तो एकदम आर्ट गॅलरी वाला है." मी म्हटलं, मामाचा आहे, ठेव खाली, दोरा ताणेल.

मग तिला सगळं सांगितलं. पाट, ताम्हण, आजीची तऱ्हा. भाजी निवडता निवडता ती ऐकत होती. "हूं" एवढंच. मग म्हणाली, "तुमने नानी को कभी बोला नहीं?" या पोरीला माझ्याबद्दल काही वाटतच नाही की काय! पुष्कर तरी बरा, तो निदान "मम्मी, टेंशन मत लो" म्हणतो.

२८ ऑक्टोबर

ठरलं. उद्या कंठा द्यायचा नाही.

२९ ऑक्टोबर, कोजागिरी

घरचं आटोपून सात वाजता आईकडे गेले. दूध आटत होतं. पाटावर परागचा फोटो, त्याला कुंकू लावलेलं. चांगल्या जित्याजागत्या माणसाच्या फोटोला कोणी कुंकू लावतं?

"कंठा आण."

"नाही देणार. माझा आहे तो. पहिली मी आहे."

"तुले काय झालं आज?"

"आज नाही झालं. एक्कावन्न वर्षं झालं."

आवाज चढला होता माझा. शेजारच्या विजयाताई दारापर्यंत येऊन परत गेल्या. आई म्हणाली, "तुह्या आजीनं सांगतलं होतं, पोट्टा झाला, आता त्याची करत जाय. मी करत गेली."

"आजी जाऊन तीस वर्षं झाली, आई."

ती दूध ढवळत राहिली. गॅस बंद केला, तरी ढवळतच होती. मग उठली, फोटो उचलून कपाटात ठेवला आणि म्हणाली, "बस पाटावर."

गुडघे मुडपत नव्हते, पण बसले. तिचा हात इतका कापत होता की कुंकू नाकावर आलं. ताम्हणातला दिवा दोनदा कलला. कंठ्याचा फासा तिला जमेना, म्हणून मीच मागे हात नेऊन लावला. मी रडले. रडणार नाही असं ठरवलं होतं.

आणि मग ती म्हणते, "बोलली काहून नाही तू इतके वर्षं?"

म्हणजे चूक माझीच! पोरीने मागून घ्यायची असते का ही गोष्ट? आपलं पहिलं लेकरू कोणतं, हे आईला सांगावं लागतं? पुन्हा सगळा राग उसळून आला. रागातच दूध प्यायले. पण कंठा काढला नाही. घालूनच घरी आले.

३० ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी स्वरदाला फोन केला. काल काय झालं ते सगळं सांगितलं, एक शब्दही न गाळता. ती म्हणाली, "अच्छा किया मम्मी. नानी को बोलना ही पड़ा ना." मग विचारलं, "पुष्कर की आश्विनी हो गई?"

हो, म्हटलं. आईकडे जायच्या आधीच ओवाळलं त्याला. नवा शर्ट घेतलाय, छान दिसत होता.

"ठीक है," म्हणाली. बँकेत जायची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.

स्वरदा पुष्करपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे.