मेणानं बुजवलेली सनई

प्रिय दादा,

आज खंडेनवमी. सूनबाईनं सकाळीच आपल्या दोन्ही सनया पाटावर मांडल्या, हळदीकुंकू लावलं, झेंडू वाहिला आन् म्हणली, "मामा, वाजवा." मी हो म्हणलो आन् अंगणात येऊन बसलो. तवापासून बसलोय. पूजा झालेलं वाद्य मुकं ठेवायचं न्हाई, हा आपल्या आबांचा नियम. तो आज माझ्या हातून मोडतो की काय, म्हणून तुला लिहितोय. दुसऱ्या कुणाला सांगून कळणार हाय?

तुला ठाऊक न्हाई, उन्हाळ्यातच मी वाजवणं सोडलं. मी सोडलं असं लोकांना सांगतो. खरं तर दातांनी मला सोडलं. अंबाजोगाईला जाऊन समदे काढून आलो, कवळी बसवली. भाकरी चावती, पण सनईची पत्ती ओठात ठरत न्हाई, नुसती हवा जाते. तिथली डॉक्टरीण पोरगी लई गोड. म्हणली, "आजोबा, होईल सवय." कशाची सवय, ते मी इचारलं न्हाई.

आता जो तो म्हणतो, आराम करा. पोरानं नवी खाट आणली, मोठा मोबाईल दिला. चांगलंच करतो बिचारा. पण आराम कसा करतात, हे आबांनी कुठं शिकवलं आपल्याला? बोटं ऐकत न्हाईत. चहा पितानाबी कपावर चालूच. परवा सून म्हणली, "मामा, कप नीट धरा, सांडंल." सांडलाच.

खरं सांगू? तू गेला तवाच माझं वाजवणं संपलं होतं. तुझ्या जागी पोरानं सूर धरायचं मशीन आणलं. ते घेऊन लिंबागणेशला एका लग्नात गेलतो. आळवता आळवता मधीच माझा दम तुटला. तू असताना किती बार तुटला असंल, पण तुला माझ्या पाठीकडं बघूनच कळायचं. तू मागून सूर असा भरून धरायचास की मधली फट कुणाच्या कानाला लागायची न्हाई. मशीनला काय त्याचं? ते आपलं सरळ वाजत राह्यलं आन् अख्ख्या मांडवाला कळलं. कुणी हसलं न्हाई. नवरीच्या बापानं पाण्याचा तांब्या आणून दिला, "टेका जरा, बाबा," म्हणला. हसले असते तर बरं झालं असतं.

जन्मभर लोकं म्हणायची, सनई ऐकावी तर धाकट्याची. फेटा मला, शाल मला. तुला नुसतं "चला, जेवून घ्या." का गप राह्यलास रे? थोरला तू, मान तुझा. आबांनी तुझ्याच सनईची भोकं मेणानं बुजवली, एकच सूर निघावा म्हणून. म्हणले, "दोघंबी वाजवाया लागले तर सूर कोण धरील?" तू मान हालवली आन् संपलं. एकदा नारायणगडाहून येताना मी इचारलं होतं, तुला कधी वाजवावं वाटत न्हाई का? तू म्हणला, "तू वाजवितो तवा मीच वाजवितो की." तवा मला ते लई पटलं. आता वाटतं, खोटं बोललास तू. थोरल्या भावांना खोडच असते ती.

इथवर लिहून उठलो होतो, दादा. कवळी काढून वाटीत ठेवली आन् पाटावरची तुझी सनई उचलली. माझी न्हाई. तुझ्या सनईला बोटं लागत न्हाईत, जीभ लागत न्हाई, लागतो तो दम. दोनदा नुसतं फुस्स झालं. मंग हिरड्यांवर ओठ दुमडून पत्ती धरली आन् सूर लागला. थरथरत होता, पण लागला.

मला वाटलं, बरं वाटंल. न्हाई वाटलं. सूर धरला की कान वाट बघतो, आता त्याच्यावर सनई उठंल. ती उठलीच न्हाई. तुला निदान ऐकायला माझी सनई होती. सूनबाईनं हात जोडले, "झाली पूजा," म्हणली आन् आत गेली. तिच्या मनानं मामांनी सनई वाजवली.

पोरगं शिकलं न्हाई आन् मीबी जोर केला न्हाई. लग्नात आता डीजे लागतो. म्हंजे या सुरावर वाजवायला कुणी यायचं न्हाई, हे मी मनाशी धरून चाललोय. उगाच तुला आशा लावत न्हाई.

पण तुझं मेण मी खरवडणार न्हाई, एवढा शब्द घे. माझी सनई राहू दे पाटावर तशीच. छातीत दम हाय तवर दर खंडेनवमीला तुझा सूर मी धरीन, पुढची जागा मोकळी ठेवून.

तुझा धाकटा,
आता मागच्या जागेवर बसलेला,
किसन