डाव्या कुशीवरची साखर

तीर्थस्वरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनातल्या मनात घातला आहे, तूही मनातल्या मनातच मला उठव.) नव्या कवळीचं आणि तुझं आता पटतं का, की ती अजूनही कपाटावरूनच तुझ्याकडे बघून हसते? सूनबाईंना आशीर्वाद. त्यांनी तुझा रेडिओ परत केला असेल तर आणखी एक जादा आशीर्वाद. मी बरी आहे. मी असं लिहिलं की तू चष्मा पुसून नीट वाचायला बसतेस, हे ठाऊक असल्यामुळे सविस्तर लिहिते.

माझ्या डाव्या दंडावर सध्या एक बटण आहे. ओव्हरकोटाच्या बटणाएवढं, पांढरं. त्याच्या पोटातून केसासारखी एक तार कातडीखाली गेलेली असते आणि ती दिवसभर अंगातली साखर मोजून फोनला चहाड्या सांगते. फोनवर त्याची चढउताराची रेघ उमटते. आयुष्यभर पोरांना पियानो शिकवल्यामुळे मला ती स्वरलिपीसारखी दिसते: सकाळी खालच्या ओळीवर, जेवणानंतर पानाबाहेर. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, सगळ्या मधुमेह्यांना एकच छापील पथ्य देणं म्हणजे अख्ख्या शाळेला एका मापाचे बूट देणं. (आपल्या शाळेत तसेच देत, असं मी त्यांना सांगितलं. तू पुढे कापूस कोंबायचीस, मी तशीच लंगडायचे.) तेव्हा बटण लावून नेहमीसारखं खायचं, रेघ बघायची, आणि मग माझ्यापुरतं पथ्य, माझ्यापुरतं इन्शुलिनच्या इंजेक्शनचं माप ठरवायचं. अट एकच, लबाडी नको. ही अट घालण्यापूर्वी त्यांनी तुला विचारायला हवं होतं.

सुरुवात झकास झाली. माझी लेक गेली कित्येक वर्षं मला न्याहारीला ओट्सची लापशी खायला लावते आणि मी ती ओल्या सिमेंटचा घास घ्यावा तशी गिळते, हे तुला माहीत आहेच. तर ताई, त्या लापशीनं माझी साखर डोंगर चढून गेली! आणि मी चोरून खाल्लेलं अंडं नि पावाचा तुकडा? रेघेनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरीणबाईंनी लापशी तिथल्या तिथे बंद केली. इतरांना ती मानवते, मला नाही, असा माझ्या देहाचा लेखी निकाल लागला. शाळा सुटल्यापासून इतकं निर्मळ समाधान मला लाभलं नव्हतं.

पण लेकीनं ती रेघ आपल्याही फोनवर घेतली. आता ती तिच्या ऑफिसात आणि मी माझ्या घरात, तरी माझ्या तोंडातला घास गळ्याखाली उतरेपर्यंत तिचा फोन. "आई, काय खाल्लंस?" आपल्या कॉन्व्हेंटातल्या मदर सुपीरियर रबरी तळव्यांचे बूट घालून मागून यायच्या ना, अगदी तसं. मी हिला जन्म दिला आणि ही माझी मदर झाली. मग एका रविवारी येऊन तिनं घराची झडती घेतली. मुरंब्याची बरणी, बिस्किटं, उशीच्या अभ्र्यातली चॉकलेटं, सगळं गेलं. एक जॅमची बरणी तेवढी वाचली. पियानोच्या स्टुलाचं झाकण उघडतं, आत स्वरलिपीची पुस्तकं असतात आणि पुस्तकांखाली ती. (शिकताना मुलांना कळत नसे, बाई एवढ्या स्टुलाला चिकटून का बसतात.)

आता खरी गंमत ऐक. एका दुपारी शिष्येच्या वाढदिवसाचा केक आला. मी एक फोड खाल्ली. (दोन.) रेघ निघाली वर. आता फोन येणार या धास्तीनं मी पलंगावर आडवी झाले, डाव्या कुशीवर, म्हणजे बटणावरच. तुला आठवतं, वसतिगृहात उजव्याच कुशीवर, हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपायचा नियम होता? दिवा गेला की मी डावीकडे वळायचे, कारण डावीकडच्या खाटेवर तू असायचीस. ती सवय आजवर सुटलेली नाही. तर डुलकी काढून उठते आणि बघते, साखर उतरलेली! केक खाऊन उतरलेली! दंड दाबला गेला की बटणाला चुकून साखर कमी दिसते, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मला वाटलं, आपल्याला उपाय सापडला. मग काय, दुपारी थोडं गोड, वर डावी कूस. आठवडाभर मी सुखात लोळले, अगदी शब्दशः.

अति तिथे माती. एका दुपारी आकडा इतका खाली गेला की लेकीच्या फोननं भर मीटिंगमध्ये बोंब ठोकली. मी घोरत होते, फोन उचलला नाही. तिनं खालच्या मजल्यावरच्या बंबसाहेबांना कळवलं. (हे अग्निशामक दलातून निवृत्त झाले आहेत, पण दलाला ते कळलं तेवढं यांना कळलेलं नाही.) घंटा वाजवणं त्यांच्या शिस्तीत बसत नाही. त्यांनी शिडी लावली. जाग आली तेव्हा खिडकीत हेल्मेट, हेल्मेटखाली मिशा आणि हातात साखरेच्या पाण्याचा तांब्या. "घाबरू नका बाई, प्या!" मी सांगतेय मला काही झालेलं नाही, ते म्हणतात, सगळे असंच म्हणतात. आधीच गोड खाल्लेलं, वर तांब्याभर साखरपाणी पाजलं! रेघ पानाबाहेरच काय, खिडकीबाहेर गेली.

संध्याकाळी लेक-जावई हजर. आता एकटं राहायचं नाही, घर बंद, आमच्याकडे चल. जावईबापूंनी पियानोला मापाची फीत लावली आणि हळूच सांगितलं की त्यांच्या लिफ्टमध्ये हा मावणार नाही. ताई, तेव्हा मात्र माझं हसू गेलं. त्या पियानोशिवाय मी कोण? कुणाची तरी आई, कोपऱ्यातल्या खोलीतली.

डॉक्टरीणबाईंनी रेघ पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दुपारी डाव्या कुशीवर झोपता का हो?" बोट टोचून खरा आकडा काढला, मग मला दंडावर रेलून बसवलं, आणि माझी सगळी विद्या लेकीसमोर उघडी पडली. त्या पोट धरून हसल्या. लेक हसली नाही. आधी तू पडशील म्हणून एकटी ठेवणार नव्हते, आता तू फसवतेस म्हणून ठेवणार नाही, असं म्हणाली. शेवटी तोड निघाली: घरात कुणी विश्वासाचं माणूस राहिलं तर मी इथेच. मी तत्काळ तुझं नाव घेतलं. तू शाळेत मॉनिटर होतीस, जन्मात खोटं बोलली नाहीस, असं सांगितलं. (डोळे मिटून सांगितलं.) तेव्हा ये. खाट डावीकडेच लावते.

तुझी धाकटी

ता. क. तुलाही साखर आहे हे लेकीच्या लक्षात आहे. तुझ्यासाठी एक बटण आणून ठेवलं आहे. रागावू नकोस.

ता. क. २ : तिनं विचारलं तर तू उजव्या कुशीवर झोपतेस.

ता. क. ३ : हे कुणाला सांगितलेलं नाही. परवा शिकवणीची मुलगी लवकर आली म्हणून इंजेक्शन घेऊन मी जेवायची राहिले. मुलगी गेल्यावर सहज वाजवायला बसले, तर बोटांना पट्ट्याच सापडेनात. घाम फुटला, समोरची पानं हलायला लागली. फोन बोंबलत होता, आणि त्यावर लेकीचा निरोप आला: "आई, उजव्या कुशीवर हो." मी बसलेली होते, ताई. स्वयंपाकघर फार लांब होतं. कशीबशी खाली सरकले, स्टुलाचं झाकण उघडलं आणि बोटांनी जॅम खाल्ला. पानं हलायची थांबली तेव्हा माझ्या मांडीवर शोपेनच्या स्वरलिपीचं पान होतं, लाल झालेलं.

बरणी रिकामी झाली आहे. येताना एक आण, आणि लवकर ये.